ऑपरेशननंतर मूठमूठ केस जातायत

प्रश्न : वय 44. गाठी होत्या, अंगावरून फार जायचं, म्हणून दिवाळीनंतर गर्भपिशवी काढली. अंडाशय ठेवलेत. टाके नीट भरले, पण संक्रांतीपासून केस गळायला लागलेत. मोरीच्या जाळीवर पुंजके साठतात, भाकरीच्या पिठातही केस सापडतो. सासूबाई म्हणतात, भुलीच्या इंजेक्शनाचा परिणाम. टक्कल पडेल का? टाके पिकतील म्हणून अंडी-मटण बंद आहे. भीतीने डोकंही फारसं धुत नाही. बायोटिनच्या गोळ्या आणल्यात, घेऊ का?
– एक वाचक, सांगोला

उत्तर : ताई, टक्कल पडणार नाही. गळलेला एक केस उजेडात धरून बघा. टोकाला बारीक पांढरा ठिपका दिसेल. बायका तो बघून घाबरतात, मूळच निघालं म्हणतात. मूळ कातडीत शाबूत असतं, तो ठिपका गळायला तयार झालेल्या केसाचं टोक असतो.

एरवी डोक्यावरचे 85 ते 90 टक्के केस वाढत असतात, बाकीचे विसाव्यात असतात आणि दिवसाला 50 ते 100 गळतात. मोठं ऑपरेशन, रक्तस्राव, ताप, पोटात कमी जाणं असा धक्का बसला की पुष्कळ केस एकदमच विसाव्यात जातात आणि दोन-तीन महिन्यांनी गळतात. त्यामुळे सगळा दोष भुलीवर टाकू नका. दिवाळीनंतर ऑपरेशन आणि संक्रांतीपासून गळती, हा हिशेब तंतोतंत जुळतो. याला टेलोजन एफ्लुव्हियम म्हणतात.

मला काळजी आहे ती तुमच्या रक्ताची. इतकं अंगावरून जात होतं म्हणजे शरीरातला लोहाचा साठा संपलेला असू शकतो, आणि नुसत्या हिमोग्लोबिनवरून तो कळत नाही. सीबीसीबरोबर (रक्तपेशी आणि हिमोग्लोबिनची तपासणी) फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा दाखवणारी तपासणी, आणि थायरॉइडची टीएसएच तपासणी करून घ्या. बायोटिन, म्हणजे केसांसाठी विकलं जाणारं जीवनसत्त्व, तूर्त बाजूला ठेवा. त्याने ही गळती थांबते याला भक्कम पुरावा नाही, उलट थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो. एखादी गोळी घेतली असेल तर रक्त देण्याआधी निदान तीन दिवस बंद ठेवा आणि लॅबमध्ये तसं सांगा.

अंड्याने टाके पिकतात हा समज आपल्याकडे फार घट्ट आहे आणि त्याने बायकांचं नुकसान होतं. जखम भरायला प्रथिनं लागतात, केस यायलाही लागतात. दुसरं काही पथ्य सांगितलेलं नसेल तर आजपासून अंडी खा. मटकीची उसळ, हुलग्याचं माडगं, शेंगदाण्याची चटणी, जे घरात होतं ते पोटभर खा. डॉक्टरांनी लोहाची गोळी दिली तर लिंबूपाण्याबरोबर घ्या. चहा आणि कॅल्शियमची गोळी तिच्यापासून दोन तास लांब ठेवा.

डोकं खुशाल धुवा. न धुतल्याने केस वाचत नाहीत, साठून एकाच दिवशी जास्त निघतात आणि जीव घाबरा होतो.

गळती साधारण सहा महिन्यांत आटोक्यात येते. मग कपाळाच्या कडेला आखूड, उभे राहणारे केस दिसतील. केस महिन्याला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतो, म्हणून वेणी पूर्वीसारखी जाड व्हायला वर्ष-दीड वर्ष जाईल. मात्र गोल चट्टा पडला, टाळू लाल झाली किंवा भांग रुंदावत गेला, तर सहा महिने थांबू नका. ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा.