दळणवळण: खुंटा एक, हात दोघींचे

विचारणा अशी: मुलीच्या पुस्तकात 'आंतरव्यक्तिक संज्ञापन' (म्हणजे माणसामाणसांतलं कम्युनिकेशन) नावाचा धडा आहे, त्याला साधं 'संवाद' म्हटलं तर चुकेल का?

चुकायचं काय त्यात? पण आधी त्या 'संवाद साधला'चा समाचार घेऊ द्या. परवा पुन्हा बातम्यांत ऐकलं: साहेबांनी उपस्थितांशी संवाद साधला. साहेब पाऊण तास बोलले, उपस्थितांनी टाळ्या वाजवल्या. याला भाषण म्हणतात हो! गाण्यातसुद्धा संवाद असतो: भरताच्या नाट्यशास्त्रात संवादी, म्हणजे जुळणारा स्वर, वादीपासून, म्हणजे मुख्य स्वरापासून, ९ किंवा १३ श्रुतींवर (श्रुती म्हणजे स्वरांमधलं बारीक अंतर) सांगितलाय. म्हणजे जुळायला मुळात दुसरा स्वर हवा.

'संज्ञापन' तर समितीत बसून पाडलेला शब्द. त्याचा सख्खा भाऊ 'संज्ञपन' शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथात भेटतो: यज्ञपशूचा श्वास कोंडून त्याला मारणं. 'मारा' म्हणायचं नाही, 'संज्ञपय' म्हणायचं, म्हणजे त्याला राजी करा! धडा पाठ करणाऱ्या मुलीला विचारून बघा, अर्थ फार बदललेला नाही.

आपला अस्सल शब्द दळणवळण. तो हल्ली रस्ते-रेल्वेकडे बदलून गेलाय, पण जुन्या बोलण्यात त्याचा अर्थ येणं-जाणं, घसट. माझी आजी म्हणायची, "त्या घराशी आपलं दळणवळण नाही." दोन्ही घरांत भिंत एकच होती.

आता जातं डोळ्यांसमोर आणा. मोठ्या जात्याला दोघी लागतात, समोरासमोर. खुंटा एकच, त्यावर दोघींचे हात. एकीने ओढायचं तेव्हा दुसरीने सोडायचं, मोकळ्या हाताने मूठमूठ दाणे वैरायचे. नजर पिठावर, त्यामुळे तोंडावर बोलता न येणारं सगळं तिथे निघतं: सासू, दीर, माहेरून न आलेलं मूळ, म्हणजे बोलावणं. जात्यावर बसलं की ओवी सुचते म्हणतात ते उगीच नाही. हेमा राईरकर आणि गी पॉईटवाँ या अभ्यासकांनी अशा लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. दोन माणसांमधल्या बोलण्याचा एवढा साठा कुठल्या संज्ञापनवाल्याकडे आहे?

काही पंडित सांगतात, 'वळण' हे नुसतं नादापुरतं, शेजारपाजारमधल्या 'पाजार'सारखं. साफ नामंजूर. 'पाजार' एकटं कधी कुठे दिसलंय? वळण्याचं तसं नाही. शेवया वळतात, वाती वळतात, लाडू वळतात, आणि यातलं बरंचसं शेजारणी बोलावून होतं. जिच्याकडे दळायला बसायचं तिच्याकडेच शेवया वळायला जायचं, ते दळणवळण. कोशात काहीही असो, मी यावरून हटणार नाही.

हां, तुमची मुलगी. परीक्षेत तिला 'संज्ञापन'च लिहू द्या, नाहीतर गुण कापतील.