इन्सुलिन कोमट होऊन आलं, कंपनी म्हणते औषध परत घेत नाही

प्रश्न : आम्ही कराडला राहतो. सासऱ्यांसाठी अ‍ॅपवरून इन्सुलिनची पाच पेनं मागवली. मे महिन्यातलं पार्सल तीन दिवसांनी आलं, आतल्या जेलच्या पिशव्या वितळून कोमट झाल्या होत्या. कंपनी म्हणते, औषध परत घेत नाही. काय करू?

उत्तर : ताई, आधी सासऱ्यांचं बघा. ती पेनं वापरू नका, पण इन्सुलिनचा डोसही चुकू देऊ नका. जवळच्या मेडिकलमधून आजच नवी पेनं घ्या आणि पक्कं बिल घ्या. ती रक्कम भरपाईत मागता येते.

सदोष माल परत घ्यायला आणि बिलातल्या मुदतीत, मुदत छापलेली नसेल तर 30 दिवसांत, पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असं ग्राहक संरक्षण कायदा, 2019 चं कलम 2(47) सांगतं. कंपनीचं धोरण याच्या वर नाही.

आता जपा ते पुराव्याला. जुनी पेनं फेकू नका. 'पुरावा, वापरू नये' अशी चिठ्ठी लावून वेगळ्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे घरात कोणी चुकून उचलणार नाही. खोका, जेलच्या पिशव्या, पत्त्याचं लेबल जपा. बॅच नंबर, मुदत संपण्याची तारीख आणि 'साठवण 2 ते 8 अंश सेल्सिअस' ही ओळ स्पष्ट दिसेल असे फोटो काढा. ट्रॅकिंगच्या पानाचा स्क्रीनशॉट आजच घ्या.

कंपनी एक मुद्दा नक्की काढेल: इन्सुलिन खोलीच्या तापमानाला काही आठवडे टिकतं. ते बऱ्याच अंशी खरं आहे, पण ती सूट वापरायला काढलेल्या पेनासाठी असते, तीही ठरावीक अंशांपर्यंतच. न उघडलेला साठा ग्राहकाच्या हाती पडेपर्यंत थंड ठेवणं विक्रेत्याचं काम. म्हणून 'औषध बिघडलं' यावर दावा उभा करू नका. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, 1940 च्या कलम 26 खाली शुल्क भरून तुम्हालाही सरकारी तपासणी मागता येते. पण नमुना मधल्या काळात तुमच्या घरी होता, यावर कंपनी बोट ठेवेल. 'लेबलवरच्या अटीप्रमाणे पोचवलं नाही, ही सेवेतली त्रुटी' हा मुद्दा जास्त भक्कम आहे.

बिलावर फॉर्म 20 आणि 21 चे, म्हणजे औषधविक्रीच्या परवान्यांचे, क्रमांक बघा. ज्याचं नाव तिथे आहे तो विक्रेता. अ‍ॅपची कंपनी वेगळी असू शकते. तक्रारीत दोघांनाही सामनेवाले करा. आधी अ‍ॅपच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. ई-कॉमर्स नियम, 2020 प्रमाणे त्याने 48 तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असतो. हे फोनवर उरकू नका, लेखी काहीच हाती राहत नाही.

उत्तर आलं नाही तर सातारा जिल्हा ग्राहक आयोग. तक्रारदार राहतो तिथे दाखल करता येते, कंपनी कुठलीही असो. मोबदला, म्हणजे तुम्ही मोजलेली किंमत, पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, मुदत दोन वर्षं. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होतं. फोटो आणि स्क्रीनशॉटसोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं, प्रमाणपत्र जोडा; ते राहिलं की समोरचा वकील पहिली हरकत तिथेच घेतो.

साताऱ्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडेही बॅच नंबरसह लेखी अर्ज द्या. त्याच गाडीतून इतर घरांतही इन्सुलिन गेलं असेल.