वडिलांच्या जुन्या बुलेटला मागे दोन चाकं बसवून ट्राइक केली, तर ती सांभाळायला परवडेल का?

तुम्ही लिहिलंय की वडील 62 वर्षांचे आहेत, लकव्यानंतर डाव्या पायात जोर राहिलेला नाही, त्यांची बुलेट जिन्याखाली धूळ खात उभी आहे आणि घरातले म्हणतात, "चांगल्या गाडीची वाट लावू नका, विकून टाका." हे शेवटचं वाक्य वाचलं आणि लिहायला बसलो. माझ्या घरात हेच वाक्य गेली तीस वर्षं चालू आहे.

मला दोन वर्षांचा असताना पोलिओ झाला. डाव्या पायाला मांडीपासून कॅलिपर, म्हणजे पाय सरळ धरणारा लोखंडी आधार. अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, बुलेट 1974 ची. मला पाठीमागे बसवून पंच्याने स्वतःच्या कमरेला बांधायचे आणि शनिवार पेठेतल्या शाळेत सोडायचे. अण्णा 1993 साली गेले, तेव्हा थोरल्या भावाने, दादाने, गाडीला गिऱ्हाईक आणलं. मी म्हटलं, विकायची नाही, मी चालवणार. तो म्हणाला, "एका पायावर?" मी म्हटलं, एका पायावरच चालवता येईल अशी ही एकच गाडी आहे.

आणि ते खरं आहे. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला, किक उजव्या बाजूला आणि मागचा ब्रेक डाव्या पायाला. म्हणजे फक्त ब्रेक हलवायचा. शिवाय उजव्या टाचेखाली न्यूट्रल फाइंडर, सिग्नलला टाच दाबली की वरच्या कुठल्याही गिअरमधून थेट न्यूट्रल. नव्या गाड्यांत गिअर डावीकडे गेला आणि आमच्यासारख्यांसाठी दार बंद झालं. तुमच्या वडिलांची गाडी कुठल्या सालची आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. गिअर डावीकडे असेल, तर पुढचं बरंचसं तुमच्या उपयोगाचं नाही.

1995 साली नाना पेठेतल्या एका मिस्त्रीने गाडी करून दिली. दादाने अर्थातच "अण्णांची गाडी कापली" असं सगळ्या नातेवाइकांत सांगितलं. कापली नव्हती! मी भोसरीला मशीन शॉपमध्ये इन्स्पेक्शनला होतो, ड्रॉइंग मी स्वतः काढलं होतं. मूळ चासीला वेल्डिंगचा एक टाका नाही. मागची स्विंग आर्म, म्हणजे मागचं चाक धरणारा दांडा, काढली आणि त्याच जागी वेगळी फ्रेम बोल्टांनी जोडली. जुनी स्विंग आर्म, मागचं चाक, मडगार्ड आजही गोणपाटात गुंडाळून माळ्यावर आहे. दोन दिवसांत गाडी परत अण्णांची होईल. तुम्हीही हाच हट्ट धरा. जो मिस्त्री पहिल्याच भेटीत ग्राइंडर हातात घेतो, त्याच्याकडून उठून या.

दुसरा हट्ट डिफरन्शियलचा, म्हणजे मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या पेटीचा. पैसे वाचवायला चेन एकाच मागच्या चाकाला जोडतात आणि दुसरं मोकळं सोडतात. ॲक्सिलरेटर दिला की गाडी एका बाजूला ओढते, सोडला की दुसऱ्या. काही जण दोन्ही चाकं एका सरळ दांड्यावर घट्ट बसवतात. ती गाडी वळतच नाही, टायर घासत सरळ जाते. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, ही शाळेतली गोष्ट आहे. दादा म्हणाला होता, "गावातल्या गावात फिरायचं, डिफरन्शियल कशाला?" अहो, गावातल्या गावातच वळणं जास्त! आम्ही जुन्या बाजारातून मालवाहू तीनचाकीचं डिफरन्शियल आणलं, त्यावर मोठं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चक्र, बसवलं.

आता ती गोष्ट. 1996 चा पावसाळा, बनेश्वरला निघालो होतो. मागे दादा. कात्रजचा जुना बोगदा ओलांडला आणि उतार लागला. डावं वळण होतं, वेग मला थोडा जास्त वाटला, म्हणून मी वळणात ब्रेक दाबला. मागचं डावं चाक उचललं गेलं. पुढचा क्षण मला आजही हळूहळू घडताना दिसतो. गाडी उजव्या कुशीवर गेली, मी हँडलखाली, दादा रस्त्याच्या मध्यावर. समोरून काही येत नव्हतं, एवढंच नशीब. माझा कॅलिपर वाकला, दादाचं कॉलरबोन मोडलं.

चूक माझी होती. दोन चाकांची गाडी वळणात आत झुकते, तीन चाकांची झुकत नाही. तिथे वजन बाहेर फेकलं जातं आणि ते आपल्या शरीराने आत झुकून तोलायचं असतं. वरून ब्रेक दाबला की सगळा भार पुढे येतो आणि पुढे आधार एकाच चाकाचा. उतार, वळण आणि ब्रेक, तीनही एकदम आले तर ही गाडी पडते. ब्रेक वळणाच्या आधी मारायचा, आत शिरताना हात मोकळा. हे मला कळायला हवं होतं. पण मागे बसणाऱ्यानेही आत झुकायला हवं, हे मी दादाला बोगद्याआधी दोनदा सांगितलं होतं. तो म्हणाला होता, "तीन चाकं आहेत, पडतेय कशाला?"

तीन चाकं म्हणजे पडत नाही, हा समज फार घातक आहे. तुमच्या वडिलांनी आयुष्यभर बुलेट चालवली असेल तर त्यांना धोका माझ्यापेक्षा जास्त, कारण त्यांच्या अंगात दोन चाकांची सवय आहे. बाइकवर वेगात डावीकडे वळायला आपण नकळत डाव्या मुठीला पुढे रेटतो. ट्राइकवर तसं केलं की ती उजवीकडे जाते. आणि थांबताना पाय खाली टेकायची सवय पहिल्या दिवशी मोडा. पाय टेकला आणि गाडी थोडी पुढे सरकली, की मागचं चाक घोट्यावरून जातं. मोकळ्या मैदानात महिनाभर सकाळी चालवू दे, मगच रस्त्यावर.

त्या अपघातानंतर दादा दोन वर्षं माझ्याशी बोलला नाही. बोलला तेव्हा पहिलं वाक्य, "तरी म्हणत होतो, असली गाडी जगात कोण बनवतं?" त्या वेळी उत्तर सुचलं नाही, आता देतो. हार्ले-डेव्हिडसनने 1932 ते 1973 सर्व्हि-कार नावाची तीनचाकी बनवली, अमेरिकेतले पोलीस ती वापरायचे. दिल्लीत दुसऱ्या महायुद्धातल्या जुन्या हार्लेंच्या तीनचाकी फटफट्या 1998 पर्यंत सवाऱ्या वाहत होत्या. सौराष्ट्रातला छकडा, म्हणजे तिकडची सवाऱ्यांची तीनचाकी, तर बुलेटचंच तोंड लावून बनवायचे. तीन चाकांची मोटारसायकल ही मोटारसायकलची विटंबना नाही, ते वेगळं वाहन आहे आणि त्याची स्वतःची रीत आहे.

तुमचा प्रश्न देखभालीचा होता. साध्या बुलेटच्या दीडपट खर्च धरा, माझा अनुभव तरी तेवढाच. मागचं सगळं रिक्षासारखं सोपं आहे. डिफरन्शियलचं तेल बघायचं, बेअरिंगना ग्रीस, यू-बोल्टचे नट दर महिन्याला आवळायचे, चेनचा ताण आणि दोन्ही स्प्रॉकेट एका रेषेत आहेत का ते तपासायचं. त्रास पुढच्या बाजूला होतो, आणि मिस्त्री नेमकं तेच बघत नाहीत. बाइकचं पुढचं चाक वळणात झुकतं, म्हणून त्याच्या आऱ्यांवर, म्हणजे स्पोकवर, आडवा भार येत नाही. ट्राइकमध्ये सगळा आडवा भार त्या आऱ्यांवर. माझ्या आऱ्या सहा महिन्यांत सैल होतात. पेन्सिलने एकेक वाजवून बघा, बद्द आवाज आला की ती सैल. कोनसेटही, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, लवकर खड्डे धरतो, मग हँडल सरळ रेषेत अडकल्यासारखं वाटतं. तसं वाटलं की चालढकल करू नका. हँडल मुळातच जड होतं, मी रुंद हँडलबार लावला, बराच फरक पडला. वजन वाढल्यामुळे क्लच प्लेटा लवकर जातात. पुढचं स्प्रॉकेट लहान घेतलंत तर इंजिनाचा जीव वाचतो, वेग कमी होतो. तो कमी झालेलाच बरा.

पार्किंग ब्रेक हवाच. ही गाडी स्टँडवर उभी राहत नाही, उतारावर न्यूट्रलला सोडली की निघाली. आणि पुण्याचे खड्डे! दोन चाकं खड्ड्याच्या कडेने काढता येतात, तीन वेगवेगळ्या रेषांत चालणारी चाकं काढता येत नाहीत. वेग कमी, एवढाच इलाज.

कागदांचं आधी सांगायला हवं होतं. हौस म्हणून मोटारसायकलची ट्राइक करता येत नाही, मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं. दिव्यांग व्यक्तीसाठी बदल करता येतो. वडिलांचं दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र काढा. आरटीओची परवानगी काम सुरू करण्याआधी घ्या, काम झाल्यावर तपासणी आणि आरसीवर नोंद, लायसन्स त्या प्रकारच्या वाहनाचं, आणि विमा कंपनीला लेखी कळवा. माझ्या गाडीच्या आरसी पुस्तकात 'इनव्हॅलिड कॅरेज', म्हणजे अपंगाची गाडी, असं लिहिलंय. 2019 च्या दुरुस्तीत तो शब्द जाऊन 'ॲडॅप्टेड व्हेइकल' आला, बरं झालं.

दादा आता पंच्याहत्तरीला आलाय, गुडघे गेलेत. दवाखान्यात जायचं असलं की मला फोन करतो आणि मागे बसतो. वळण आलं की न सांगता आत झुकतो. घरी उतरल्यावर मात्र "अण्णांची गाडी कापलीस" हे आहेच. म्हणून सांगतो, घरातल्या सगळ्यांची मतं गोळा करत बसू नका. ज्याला चालवायची आहे त्याला विचारा. तुमच्या प्रश्नात वडिलांचं स्वतःचं म्हणणं कुठेच नाही.

एक गोष्ट मात्र लिहिता लिहिता लक्षात आली आणि ती सगळ्यांत आधी यायला हवी होती. माझा पोलिओ फक्त पायात आहे. लकव्यात डावा हातही गेलेला असू शकतो, आणि क्लच डाव्या हातात असतो. नजरेवरही परिणाम होऊ शकतो, एका बाजूचं दिसेनासं होऊ शकतं. डॉक्टरांनी नजर आणि हात तपासून हो म्हटल्याशिवाय मिस्त्रीकडे जाऊ नका. हातात जोर नसेल तर बुलेटचा विचार सोडा आणि बिनगिअरच्या स्कूटरला बाजूची चाकं लावून घ्या. त्यात कमीपणा नाही, पुण्यात शेकडो लोक रोज तशी कामावर जातात.

डॉक्टर हो म्हणाले, तर गाडी मेन स्टँडवर चढवा, वडिलांना वर बसवा, इंजिन बंद ठेवा आणि क्लच पन्नास वेळा दाबायला सांगा. तुम्ही बाजूला धरून उभे राहा. पन्नासावा पहिल्यासारखा पूर्ण दाबला गेला, तर गिअर कुठल्या बाजूला आहे तेवढं मला परत लिहा. ड्रॉइंग माझ्याकडे अजून आहे, पाठवतो.