शिवणकाम : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नवऱ्यासाठी घरीच सुती पायजमा शिवला. कंबर आणि लांबी बरोबर आहे, पण मांडी घालून बसले की मागे फाटतो. दुरुस्त केला तरी तेच. सीट (नितंबांचा घेर) ४० इंच. – एक वाचक, सहकारनगर

उत्तर : आधी नेमकं काय गेलंय ते पाहा. कापड शाबूत आणि फक्त टीप तुटली असेल तर दोष शिलाईचा. शिलाईला लागून कापडच विरलं असेल तर आसन, म्हणजे दोन पाय जिथे जोडले जातात तो बैठकीचा भाग, आखूड पडलंय. मग कितीही पक्की टीप मारा, फाटणारच. तुमचा प्रकार दुसरा दिसतो.

घरी बहुतेक वेळा कापड दुमडून पुढचा-मागचा भाग एकाच मापाने कापला जातो. बसलं की मागची बाजू ताणते आणि पुढची चुरगळते, म्हणून मागे कापड जास्त लागतं. ४० सीटला पुढचा एक भाग ११ इंच रुंद ठेवा, मागचा १२. आसनाचं टोक पुढे अडीच इंच बाहेर काढा, मागे साडेचार ते पाच. शिवाय मागच्या मध्यावर कंबर दीड इंच उंच घ्या आणि बाजूच्या शिलाईपर्यंत ती उतरवत शून्यावर आणा. हा दीड इंच गाळला जातो, आणि खरी गोम तिथेच असते. या मापांत शिलाईचा अर्धा इंच धरलेला नाही. नेफ्यासाठीही वर पावणेदोन इंच वेगळे सोडा.

आसनाची उंची जुन्या पायजम्यावरून काढू नका, त्यात जुनी चूक तशीच उतरते. माणसाला लाकडी खुर्चीत ताठ बसवा, बाजूने कमरेपासून बैठकीपर्यंत टेप धरा आणि आलेल्या मापात दीड इंच मिळवा. सोफ्यावर नको, माणूस रुततो आणि माप कमी येतं.

आसनाच्या गोलाईवर कापड उरेब, म्हणजे धाग्यांना तिरकं, पडतं. ते ताणलं की लांबतं, टीप मात्र लांबत नाही. म्हणून तिथे टाका बारीक ठेवा, कापड किंचित ओढून धरा आणि पहिल्या टिपेपासून एक सूत (इंचाचा आठवा भाग) बाहेर, दाबाच्या म्हणजे शिलाईसाठी सोडलेल्या कापडात, दुसरी टीप मारा.

हातातला पायजमा टाकायची गरज नाही. चारही शिलाया जिथे मिळतात तिथून दोन्ही पायांच्या आतल्या शिलाया चार-चार इंच उसवा. पुढची आणि मागची आसनाची शिलाई फक्त टोकाला अर्धा इंच उसवा. त्याच कापडाचा पाच इंची चौकोन कापा. त्याचे समोरासमोरचे दोन कोपरे पायांच्या शिलायांत येतील आणि उरलेले दोन पुढे-मागे, असा बसवा. प्रत्येक कोपऱ्याच्या अर्धा इंच अलीकडे टीप थांबवा, नाहीतर तिथे चुणी पडते. विरलेला भाग या चौकोनाखाली येत नसेल तर आतून ठिगळ लावावंच लागेल.

प्रश्न : वरून टीप छान दिसते, खालून धाग्याचा गुंता. बॉबिन बदलून झाली. – एक वाचक, चिंचवड

उत्तर : खाली गुंता दिसला की सगळे बॉबिनच्या मागे लागतात, पण दोष बहुधा वरच्या धाग्यात असतो. प्रेसर फूट (कापड दाबून धरणारा पाय) खाली असताना धागा ओवला तर तो टेन्शनच्या, म्हणजे धागा ताणून धरणाऱ्या, चकत्यांमध्ये शिरतच नाही. फूट वर करून सगळं नव्याने ओवा, वर-खाली होणाऱ्या कडीतून धागा गेला आहे ना ते बघा. सुईला एका बाजूला लांब खाच असते. धागा त्याच बाजूने आत जायला हवा. सुरुवातीला दोन्ही धाग्यांची टोकं तीन-चार इंच मागे धरून ठेवा. पॉपलिनला १४ किंवा १६ नंबरची सुई, मलमलीला ११.

प्रश्न : ब्लाऊज पहिल्या धुण्यातच आतून गोळा होतो. – एक वाचक, नारायण पेठ

उत्तर : अस्तर पाण्यातून काढलेलं नव्हतं. सुती अस्तर मीटरमागे तीन ते पाच सेंटीमीटर सहज आटतं, वरचं कापड तेवढं आटत नाही, म्हणून चुण्या. अस्तर रात्रभर भिजवा, न पिळता वाळवा, ओलसर असतानाच उभ्या धाग्याच्या दिशेने इस्त्री करा आणि मगच कापा. रेशमी ब्लाऊजपीस मात्र पाण्यात घालू नका. अस्तर आणायला रविवार पेठेत जाणार असाल तर ब्लाऊजपीसचा तुकडा सोबत न्या. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली आठवणीतला रंग हमखास चुकतो.

प्रश्न : नेफ्यातलं इलॅस्टिक पिळतं. – एक वाचक, हडपसर

उत्तर : नेफा फार रुंद झालाय. एक इंची इलॅस्टिकला आतून सव्वा इंच पुरे. लांबी कमरेपेक्षा तीन इंच कमी घ्या, वर जोडासाठी एक इंच. इलॅस्टिक घालून चुण्या सारख्या केल्यावर दोन्ही बाजूच्या शिलायांवर नेफ्यातून आरपार उभी टीप मारा.