राजवाड्याशेजारी नवं घर

प्रश्न : इंदूरला होळकरांच्या राजवाड्याशेजारी, आडा बाजारात आमचं जुनं लाकडी घर आहे. ते पाडून खाली दुकान आणि वर तीन मजले बांधायचे आहेत. सासऱ्यांना राजवाड्यासारखे झरोके-कमानी हव्यात, मुलगा म्हणतो सगळं काचेचं करू. काय करावं?

उत्तर : ताई, दोन्ही नको. राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडाचे आणि वरचे चार लाकडाचे आहेत. खाली भार पेलणारा दगड, वर हलकं लाकूड, असा सरळ हिशोब आहे तो. फायबरचे झरोके सिमेंटच्या भिंतीला चिकटवले, तर ते काहीच पेलत नाहीत. दोन पावसाळ्यांत रंग उडतो. १९८४च्या आगीत जळालेला मागचा भाग पुढे जुन्या धर्तीवर बांधला, ते योग्यच झालं, कारण ती वास्तू स्वतःच्याच रूपात परत आली. तुमचं घर वेगळं आहे, ते वेगळंच दिसू द्या.

काचेत राजवाड्याचं प्रतिबिंब पडेल, असं मुलाला वाटत असेल. गल्लीतल्या काचेत विजेच्या तारा आणि समोरच्या पाट्याच दिसतात. शिवाय मे महिन्यात घर तापेल ते वेगळंच.

फ्रान्समधल्या नीम शहरात रोमन काळातल्या देवळासमोर नॉर्मन फॉस्टर या ब्रिटिश आर्किटेक्टने कला संग्रहालय आणि ग्रंथालय बांधलं. १९९३ साली ते उघडलं. इमारत काच-पोलादाचीच, पण नऊ मजल्यांपैकी जवळजवळ निम्मे जमिनीखाली घातले, म्हणून ती शेजाऱ्यांच्या डोक्यावर चढत नाही. घ्यायची ती ही उंचीची मर्यादा. तळघर मात्र तुम्ही खोदू नका. शेजारच्या जुन्या भिंतींचा पाया उथळ असतो, त्या खचतील.

मजल्यांच्या रेषा शेजारच्या घरांशी जुळवा. खिडक्या उभट आणि भिंतीत खोल बसवा, म्हणजे सावली मिळेल. पाण्याची टाकी आणि एसीची यंत्रं मागच्या अंगाला न्या. चौकातून बघणाऱ्याच्या डोळ्यांत आधी तीच खुपतात, आणि नकाशावर ती कुणी दाखवतही नाही! दुकानाची पाटी दाराच्या रुंदीपुरतीच ठेवा. जुने सागवानी खांब विकू नका, दुकानाच्या दर्शनी भागात ते छान बसतील.

महापालिका आणि पुरातत्त्व विभाग, दोघांनाही बांधकामाबद्दल आधी लेखी विचारा. मग गच्चीवर नव्या घराच्या उंचीइतके बांबू बांधून टोकाला लाल फडकी लावा, आणि सासरे व मुलगा दोघांनाही राजवाड्यासमोर उभं राहून ती बघू द्या. आर्किटेक्टला नकाशा त्यानंतरच काढायला सांगा.