गुंडाळलेल्या वाळक्या पानासारखा दिसणारा पतंग कोणता? तो ओळखायचा कसा?

तुम्ही वर्णन करताय तो बहुधा युरोपिया मेटिक्युलोडिना. जपान, कोरिया, चीन, तैवान आणि रशियाच्या अतिपूर्वेकडच्या भागात सापडतो. चार्ल्स ओबेर्थ्यूर या फ्रेंच कीटकतज्ज्ञाने 1884 मध्ये त्याचं वर्णन केलं.

या पतंगाची खरी कमाल अशी की गुंडाळलेलं असं त्यात काहीच नसतं. पंखाची कड आत वळलीय असं ठामपणे वाटतं, पण तो नुसता रंग असतो. पुढच्या पंखाच्या वरच्या आणि खालच्या कडेला फिकट पिवळसर पट्टा, मध्ये गडद जांभळट तपकिरी भाग, आणि दोन्ही रंग जिथे भेटतात तिथे छटा अशी हळूहळू गडद होत जाते की डोळ्यांना सावली पडल्याचा भास होतो. पिवळसर भागात पानाच्या शिरांसारख्या बारीक रेषाही असतात. एवढी बेमालूम छटा निसर्गात मी तरी दुसरीकडे पाहिलेली नाही.

फोटोवरून खात्री करायची तर वरून काढलेला फोटो घ्या. डावी-उजवी बाजू आरशातल्यासारखी जुळते, खऱ्या पानात ती तशी जुळत नाही. मागचे पंख फिकट, साधे असतात. ते भडक नारिंगी आणि त्यावर काळे डाग असतील, तर तो युडोसिमा गटातला फळांचा रस शोषणारा पतंग समजा. तोही पानासारखाच दिसतो.

अळी अक्रोडाच्या जातीच्या झाडांची पानं खाते, त्यामुळे जवळपास तशी झाडं आहेत का हेही बघा.