त्याच्या हातातली कात्री

चि. सौ. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू गेल्यावर मी बराच वेळ ओट्याशी नुसती उभी होते. तू सगळं सांगितलंस. दिवाळीच्या सुट्टीत आठ दिवसांत पाच गावं केलीत, हॉटेलं चांगली मिळाली, आणि तरी सात वर्षांचं पोर चौथ्या दिवसापासून ‘कंटाळा आला, घरी चला’ म्हणत बसलं. घरी आल्यावर तू हस्तकलेचे दोन तयार संच मागवलेस, तेही अर्ध्यावर पडले. ‘काकू, मी कुठे कमी पडते?’ म्हणताना तुझे डोळे भरून आले. तेव्हा मला काही सुचलं नाही, म्हणून आता लिहितेय.

तू बोलत होतीस तेव्हा तो खाली बसून पतंगाची शेपटी कापत होता. रद्दीतला कागद आणि माझी बोथट कात्री. पट्टी वाकडी जात होती, जीभ बाहेर आली होती. माझ्याशी बोलता बोलता तू त्याच्या हातातली कात्री घेतलीस, तीन पट्ट्या सरळ कापल्यास आणि म्हणालीस, ‘हं, चिकटव आता.’ त्याने चिकटवल्या नाहीत. उठला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला. तुला ते दिसलंच नाही. मला दिसलं, कारण मीही हेच केलेलं आहे.

१९९४ सालची दिवाळी. आम्ही तेव्हा बडोद्याच्या दांडिया बाजारात जुन्या वाड्यात राहत होतो आणि मंडळाने किल्ल्यांची स्पर्धा ठेवली होती. माझी लेक नऊ वर्षांची. तिने विटा रचल्या, वर गोणपाट टाकून माती लिंपली, गेरू फासला, हळीव पेरले. मावळे पुण्याच्या आत्याने पाठवलेले. बालेकिल्ला मात्र असा कलला होता की महाराज सिंहासनासकट घसरून खाली यायचे. तिने मागून एक बटाटा टेकू म्हणून लावला होता. परीक्षक सकाळी येणार होते. रात्री ती झोपल्यावर मी आणि ह्यांनी बॅटरीच्या उजेडात बुरूज सरळ केले, दरवाजा पुठ्ठ्याचा नवा बसवला, बटाटा काढून टाकला. पहिला नंबर आला. बक्षिसाचा स्टीलचा डबा तिने आणून माझ्या हातात दिला. ‘हा तुझा.’ पुढच्या वर्षी मी विटा आणून ठेवल्या, तर म्हणाली, ‘तूच कर, तुला छान येतं.’ आमच्या अंगणात पुन्हा किल्ला झाला नाही. ती आता चाळिशीला आली. तो बटाटा मी विसरू शकलेले नाही.

म्हणून सांगते, पोराच्या हातातलं काढून घेऊ नकोस. बाकी सगळं मागाहून.

हे वाक्य मला ज्यांनी शिकवलं ते संखेड्याचे एक खरादी, लाकूड कातणारे कारागीर. साल १९९७. तेव्हा प्रतापनगर स्टेशनातून डभोईला छोटी गाडी जायची, अरुंद रुळांची. त्या भागातला पहिला अरुंद रूळ १८६२ सालचा, डभोई ते मियागाम, आणि सुरुवातीला त्यावर डबे बैल ओढायचे. मी हे मुलांना सांगितलं, तर धाकट्याने खिडकीतून मान काढून आपल्या गाडीला बैल आहेत का ते पाहिलं. डभोईत उतरलो, हिरा भागोळ ह्या जुन्या वेशीच्या दगडात कोरलेली जनावरं मोजली, दोघांचे आकडे जुळले नाहीत म्हणून पुन्हा मोजली, आणि पुढे एसटीने संखेड्याला.

तुझ्या घरी संखेड्याचा झोपाळा आहे, पण तो बनतो कसा हे तू पाहिलं आहेस का? सागाचं लाकूड कातावर, म्हणजे लाकूड फिरवायच्या यंत्रावर, फिरत असतं. कथलाच्या रंगाने काढलेली नक्षी आधी चांदीसारखी पांढरी दिसते. मग फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबून धरतात. घासण्याच्या उष्णतेनेच लाख वितळते, लाकडावर चढते आणि चांदीचं सोनं होतं. केवड्याच्या पानाने ती लाख सारखी पसरवतात. माझा आठ वर्षांचा मुलगा तासभर हलला नाही. त्या खरादींनी एक लाटणं कातावर चढवलं, केवड्याचं पान त्याच्या हातात दिलं आणि म्हणाले, धर. पान थरथरायला लागलं. मी लगेच पुढे होऊन त्याचं मनगट धरलं. तर ते शांतपणे म्हणाले, ‘रेवा दो बेन. एने करवा दो.’ राहू द्या, त्याला करू द्या.

तीन वर्षांपूर्वी हे कोणी मला सांगितलं असतं तर!

ते लाटणं मी विकत घेतलं. त्यावर एका जागी लाख जाड बसली आहे, पोळी लाटताना अंगठ्याला लागते. घरात तेच लाटणं वापरते, सुनेने नवं आणलं तरी.

आता तुझ्या सहलीकडे येते. आठ दिवसांत पाच गावं म्हणजे प्रत्येक गाव त्याच्या हातात पडायच्या आत तू काढून घेतलंस. कुठे मातीत बसायला निघाला की गाडीची वेळ झाली. कुठे दगड उचलला की ‘टाक तो, हात धू.’ मग फोटोसाठी उभा राहा. तो कंटाळला नाही गं, त्याला काही करायलाच मिळालं नाही. एकच गाव कर. दोन दिवस राहा. त्या गावात हाताने काय बनतं ते आधी विचार आणि तिथे जाऊन बस. बनवणारा माणूस कामात असेल, त्याचा वेळ फुकट घेऊ नकोस, वस्तू घे, पैसे दे, घासाघीस करू नकोस. आणि लांब कशाला जायला हवं? डिसेंबरात आपल्याच रस्त्यांवर खांबांना दोऱ्या ताणून मांजा रंगवतात. भाताची खळ आणि रंग. त्या माणसांनी बोटांना गुंडाळलेल्या चिंध्या त्याला दाखव. एवढीच एक दुपार पुरे.

खेळांचंही तसंच. तू म्हणालीस, पारंपरिक खेळांचा तक्ता छापून फ्रिजवर लावलाय, रोज एक. उतरव तो. आपल्या बडोद्याला खेळाच्या नियमांची मोठी परंपरा आहे. हुतूतूचे नियम १९२३ साली हिंदविजय जिमखान्याने इथेच छापले, आणि मला त्याचा अभिमान आहे. पण ते मैदानावरच्या मोठ्यांसाठी. सात वर्षांच्या पोराचे नियम त्याच्या हातात राहू देत. आम्ही ज्याला चल्लसआठ म्हणायचो त्याला खालच्या मजल्यावरच्या बेन इस्टो म्हणायच्या. पाच बाय पाचची घरं, चार कवड्या, सगळ्या उताण्या पडल्या तर चार, सगळ्या पालथ्या पडल्या तर आठ. एवढं दोन्हीकडे सारखं. पण सोंगटी आत कधी वळवायची ह्यावर आमची आणि त्यांची मुलं जिन्यात खडूने पट आखून तासन् तास भांडायची. मी एकदाही मध्ये पडले नाही, आणि त्यांनी तिसराच नियम काढला, जो ना आमच्या सांगलीचा होता ना गुजरातचा. तो पट त्या जिन्यात वर्षभर टिकला. तू मध्ये पडलीस की खेळ तुझा होतो. आणि सागरगोटे आण, प्लॅस्टिकचे नकोत, खरे गजग्याचे, राखाडी. फरशीवर घासून एकमेकांना चटके देतील. देऊ देत.

तुझा चेहरा दिसतो मला. बोट कापलं तर? हळद लाव. कागदावर खळ सांडली तर? पुसेल. चिनी मांजाला आणि काच लावलेल्या मांजालाही बंदी आहे, तो घरात आणू नकोस, गच्चीच्या कठड्याशी स्वतः उभी राहा. तिथे मात्र हात धर, घट्ट धर. आणि बाकी सगळीकडे सोड. आपण उलटं करतो बघ. कठड्यापाशी फोनवर बोलत असतो आणि पाटापाशी कात्री हिसकावतो.

तुला माझ्याबद्दल माझा मुलगा काय म्हणतो तेही सांगते, नाहीतर तू त्याच्याकडूनच ऐकशील. म्हणतो, वर्गातली मुलं मनालीचे फोटो आणायची आणि आईने आम्हाला उन्हात संखेड्याला नेलं, छोटा उदेपूरला नेलं, घोड्यांच्या चित्रांची भिंत बघायला दोन तास ओसरीवर बसवलं. सासूबाई शेवटपर्यंत म्हणत राहिल्या की हिने पोरांना खेळणं म्हणून घेतलं नाही. घेतलं नाही हे खरं आहे. भातुकली मुलीने मातीची केली, विटीदांडू ह्यांच्या जुन्या काठीचा झाला. पैसे वाचवायला मी असं केलं असंही काही जण म्हणाले. पैसे कमीच होते. पण असते तरी मी हेच केलं असतं. किल्ल्याच्या त्या रात्रीनंतर माझ्याजवळ दुसरा रस्ता नव्हता. मुलीच्या हातातलं परत देता आलं नाही, मुलाच्या हातातलं घेतलं नाही. हट्ट म्हण हवं तर. मनालीला तो मोठेपणी स्वतः गेला, आणि तिथून आईसाठी शाल आणली, ती कुठल्या मागावर विणली ते मला फोनवर वीस मिनिटं सांगत होता. मी चुकले असेन तर ती वीस मिनिटं कुठून आली?

असो. तू चांगली आई आहेस हे सांगायला मी शाई खर्च करत नाही, ते तुलाही माहीत आहे. संच मागवू नकोस. आणलेले दोन त्याच्याजवळ उघडे टाक, त्यातली सूचनांची चिठ्ठी काढून घे आणि स्वयंपाकघरात जा. मागे वळून बघू नकोस. बोटं शिवशिवली तर कणीक मळ. मी तेच करायची.

उत्तरायणाला, १४ तारखेला, सकाळी दोघं गच्चीवर या. तिळगूळ आणि उंधियू माझ्याकडे. पतंगाचे कागद आणि कामट्या मी आणून ठेवते, पण ढड्डा आणि कमान, म्हणजे उभी आणि वाकवलेली कामटी, तो चिकटवेल, दोरा जोडायचा किन्नाही तोच बांधेल. पहिले चार पतंग गोत खाऊन शेजारच्या पाण्याच्या टाकीवर अडकणार हे मी आत्ताच सांगून ठेवते. तू फिरकी धर. फक्त फिरकी.

तू कापलेल्या तीन सरळ पट्ट्या मी रद्दीत टाकल्या. त्याची अर्धी कापलेली वाकडी पट्टी कात्रीसकट फिरकीच्या डब्यात ठेवली आहे. आला की तिथून पुढे कापेल.

तुझी,
काकू